‘असुडां’तील जमाखर्च

एखाद्या ग्रंथाची एका गुणाविषयीं फार ख्याति झाली म्हणजे त्याच्या दुसऱ्या गुणांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या पुस्तकाचें असेंच झालें आहे. त्याच्या चाहत्यांस त्यांतील भाषेची धार आवडते. ज्यांना तें आवडत नाहीं त्यांना त्याच भाषेचा कडवटपणा सोसत नाहीं. स्तुति करणारा आणि निंदा करणारा असे दोघेही फटक्याचा आवाज ऐकत बसतात, आणि फटका ज्या हिशेबावरून मारला त्या हिशेबाची वही मात्र मिटलेलीच राहते. वाङ्मयेतिहासकारांनीं ह्या पुस्तकाची नोंद समाजसुधारणेच्या प्रकरणांत केली, भाषाभ्यासकांनीं त्यांतील बोलीचे शब्द वेंचले, राजकारणी मंडळींनीं त्यांतील वाक्यें व्यासपीठावर वापरलीं. माझ्या मतें हें पुस्तक आधीं सार्वजनिक पैशाविषयीं आहे आणि मग इतर सर्व गोष्टींविषयीं. सरकारच्या तिजोरींत पैसा कोणाच्या घरून येतो आणि तेथून निघून तो कोणाच्या दारीं जातो, हा त्याचा विषय. ह्या दोन दारांमधील अंतर हेंच त्याच्या लेखीं विषमतेचें माप. ह्या दृष्टीनें तें वाचल्यास काय हातीं लागतें, तें येथें पाहावयाचें आहे.

प्रथम पुस्तकाच्या जन्माविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण त्याच्या घडणीशीं त्याचा संबंध आहे. तें १८८३ सालीं पुरें झालें. त्याचीं प्रकरणें पांच. ‘दीनबंधु’ पत्रानें पहिलीं दोन छापलीं आणि पुढचीं छापण्याचें नाकारलें. पत्राचे चालक नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचेच सहकारी. तेव्हां हा नकार त्यांना चांगलाच झोंबला. पुस्तकाचें वाचन मात्र ठिकठिकाणीं झालें. मुंबई-पुण्यास झालें, ओतूर-हडपसरसारख्या गांवींही झालें, आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनींही तें ऐकलें. ऐकणाऱ्यांसाठीं लिहिलेल्या गद्याची चाल वाचणाऱ्यांसाठीं लिहिलेल्या गद्याहून निराळी असते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं जोतीरावांच्या भाषेची केलेली थट्टा सर्वश्रुत आहे. ‘निबंधमाले’च्या वाक्याला इंग्रजी निबंधकारांच्या वाक्याचा तोल आहे, ‘असुडां’तील वाक्य फिर्यादी माणसाप्रमाणें एकदां तोंड उघडलें कीं सगळें सांगून होईपर्यंत थांबत नाहीं. व्याकरणाच्या कसोटीवर शास्त्रीबोवांचें म्हणणें कांहीं ठिकाणीं टिकेल. परंतु फिर्याद खरी कीं खोटी हें व्याकरणावरून ठरवितां येत नाहीं, एवढें त्यांच्यासारख्या बुद्धिमान पुरुषाच्या ध्यानांत यावयास हवें होतें.

चौथें प्रकरण हें पुस्तकाचें मर्मस्थान होय. कलेक्टरसाहेबांच्या तंबूकडून एक शेतकरी घरीं परततो आहे. तेथें त्याची दाद लागलेली नाहीं. वाटेनें तो स्वतःशींच पुटपुटत येतो, घरीं येऊन पडतो, आणि लेखक त्याच्या पाठोपाठ घरांत शिरून गोठ्यापासून चुलीपर्यंत एकेक वस्तु दाखवूं लागतो. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या अद्याप यावयाच्या होत्या. मराठींत वास्तववादाचें नांवही कोणाला ठाऊक नव्हतें. तरी शेतकऱ्याच्या घराचें इतकें निरखून केलेलें वर्णन त्यापूर्वींच्या मराठी गद्यांत माझ्या पाहण्यांत नाहीं. आमचे टीकाकार ह्या वर्णनाची वाहवा करतात ती त्यांतील करुणरसासाठीं. मला तें वर्णन रसासाठीं लिहिलेलें वाटत नाहीं. जप्तीचा कारकून घरांत शिरून जंगम मालमत्तेची यादी करतो त्या पद्धतीनें तें केलेलें आहे. जो माणूस सरकारला जमिनीचा सारा देतो, त्याच्या घरीं वर्षअखेर शिल्लक काय राहतें, याचा तो पंचनामा आहे. करुणा त्यांतून उत्पन्न होते ही गोष्ट निराळी.

जमेची बाजू जोतीराव अशी मांडतात. शेतसारा तर आहेच. त्यावर रुपयामागें एक आण्याप्रमाणें लोकलफंड. शेतकरी आपला माल शहरांत विकावयास आणील तर वेशीवर म्युनिसिपालिटीची जकात, आणि सडकेनें आणील तर टोल. मिठावर कर, म्हणजे ज्याच्या भाकरीबरोबर दुसरें कांहीं नाहीं त्याच्यावर सर्वांत अधिक. पूर्वीं डोंगरांतील गवत, पाला, लाकूडफांटा हें सर्व फुकट मिळे; जंगलखातें झाल्यापासून शेळी चरावयास नेणें हाही गुन्हा झाला. ही शेवटची बाब विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. सामायिक मालमत्ता गरिबाच्या हातून गेली कीं त्याचें उत्पन्न घटतें, पण तें घटलेलें कोणत्याही खतावणींत दिसत नाहीं. कारण तें आधीं कोणीं लिहूनच ठेवलेलें नसतें. जोतीरावांनीं तें लिहिलें. अलीकडे अर्थशास्त्रज्ञ ह्या प्रकारच्या मालमत्तेविषयीं पुष्कळ लिहूं लागले आहेत. आमच्याकडे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं तिची नोंद एका माळ्यानें केली होती.

खर्चाच्या बाजूला त्यांना काय दिसतें? मोठमोठे पगार, पेन्शनें, आणि शहरांतील वरच्या वर्गाचें शिक्षण. ऑक्टोबर १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं हाच मुद्दा स्वच्छ मांडला होता: सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामांतून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचें फळ वरिष्ठ वर्गाच्या पदरांत पडतें. वरच्यांना शिकविलें म्हणजे विद्या आपोआप खालीं झिरपेल, हें त्या काळच्या राज्यकर्त्यांचें तत्त्व. झिरपणें म्हणजे काय, हें विहिरी आणि बांध ज्याच्या रोजच्या व्यवहारांतले आहेत अशा माणसाला सांगावयास नको होतें. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी त्यांची मागणी होती.

दादाभाई नवरोजींशीं येथें तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. दादाभाईंनीं देशाच्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. त्यांचा मोठा ग्रंथ १९०१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांच्या हिशेबांत संपत्तीचा ओघ हिंदुस्थानांतून विलायतेस जातो. जोतीरावांच्या हिशेबांत तो शेतांतून शहरांत जातो. पहिला हिशेब आम्हां सुशिक्षितांना फार लवकर पटला, कारण त्यांत आम्ही सर्वजण देणेकरी ठरत होतों. दुसरा पटावयास वेळ लागला, आणि कां लागला हें उघड आहे.

पांचव्या प्रकरणांत उपाय आहेत. वाचकांपैकीं फार थोडे तेथपर्यंत जातात, कारण चौथ्या प्रकरणानंतर उपायांची यादी नीरस वाटते. तरी ती सावकाश वाचण्यासारखी आहे. पावसाच्या पाण्याबरोबर डोंगरांवरील पाल्यापाचोळ्याचें व मेलेल्या जीवांचें खत नदींत वाहून जातें. म्हणून सरकारनें जागोजाग ताली व बंधारे बांधावे, म्हणजे पाणी शेतांतून मुरत मुरत मग ओढ्यांना मिळेल. हीं कामें करण्यास रिकाम्या बसलेल्या फौजेचे व पोलिसांचे लोक लावावे. पाणाड्यांकडून गांवोगांवच्या जमिनींत पाणी कोठें आहे तें शोधून काढावें आणि नकाशांवर त्याच्या खुणा कराव्या. तळीं-तलावांतील गाळ शेतकऱ्यांस नेऊं द्यावा. जनावरांची पैदास सुधारावी, शेतीचीं प्रदर्शनें भरवावीं, चांगल्या शेतकऱ्यांस बक्षिसें द्यावीं, त्यांच्या मुलांस शेतकीचें ज्ञान मिळविण्यास परदेशीं पाठवावें. ह्यांतील एकही गोष्ट दानधर्माची नाहीं. शेतकऱ्याला पैसे वाटा, असें जोतीराव कोठेंही म्हणत नाहींत. जें काम एकट्या शेतकऱ्याच्या आवांक्याबाहेरचें, परंतु जें झालें असतां शेंकडों शेतकऱ्यांचें उत्पन्न वाढेल, तें सर्वांच्या पैशांतून करा, एवढेंच त्यांचें म्हणणें. ॲडम स्मिथनें १७७६ सालच्या आपल्या ग्रंथांत राजाच्या कर्तव्यांत असल्याच कामांचा समावेश केला आहे: एकट्यादुकट्याला जीं परवडणार नाहींत आणि समाजाला ज्यांच्यावांचून चालणार नाहीं, अशीं कामें. स्मिथची री ओढणाऱ्या आमच्या पदवीधरांनीं त्याचीं सरकारी हस्तक्षेपाविरुद्धचीं पानें पाठ केलीं आणि हें पान सोडून दिलें. न्यायमूर्ति रानड्यांनीं १८९२ च्या डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत त्यांना ह्याबद्दल टोंकलें, तें योग्यच होतें.

पण ‘असुडां’तील एक लहानशी सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. पाटबंधारे खात्याविषयीं लिहितांना जोतीराव म्हणतात कीं, इंजिनियर आपले थंड खोलींत बसतात, पाणी सोडण्याचें काम हाताखालचे लोक मर्जीप्रमाणें करतात, आणि शेतकऱ्याचें पीक वाळून जातें. यास्तव ज्याच्या त्याच्या जमिनीला लागेल त्या मानानें पाणी देण्यासाठीं प्रत्येक शेतकऱ्याला एकेक तोटी करून द्यावी. मुठेवरील धरणाच्या बांधकामाला माल पुरविण्याचें काम त्यांनीं केलें होतें, आणि कालव्याच्या पाण्यावर मांजरीस शेतीही केली होती. धरण कसें बांधलें जातें आणि पाणी कसें अडविलें जातें, ह्या दोन्ही गोष्टी त्यांनीं जवळून पाहिल्या होत्या. कालवा काढला म्हणजे काम झालें, असें सरकार समजतें. हा गृहस्थ विचारतो, तोटी कोणाच्या शेतांत? कालवा बांधून पाणी कोणाच्या बांधावर गेलें याची चौकशी केली नाहीं, तर सार्वजनिक पैशानें विषमता कमी होण्याऐवजीं वाढूं शकते. ह्या पुस्तकाचा खरा सिद्धान्त मी हा समजतों. खर्च करावा हें पुष्कळांनीं सांगितलें आहे. खर्चाला तोटी लावावी हें सांगणारे थोडे.

हें त्यांचें केवळ पुस्तकी मत नव्हतें. १८७६ पासून कांहीं वर्षें ते पुणें म्युनिसिपालिटीचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० सालीं लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे, तेव्हां शहर शृंगारण्यासाठीं एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. बत्तीस सभासदांपैकीं एकट्या जोतीरावांनीं त्यास विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असें त्यांचें मत होतें. भाजीबाजाराच्या भव्य इमारतीसही त्यांनीं असाच विरोध केला. इमारत झाली, १८८६ सालीं तिचें उद्घाटन झालें, रे साहेबांचें नांव तिला मिळालें; पुढें आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानें तें नांव जाऊन जोतीरावांचें आलें. ज्या खर्चाला त्यांनीं हरकत घेतली त्याच खर्चावर आम्हीं त्यांच्या नांवाची पाटी लावली. पुणेंकरांचा विनोद कधीं कधीं नकळतही साधतो.

ह्या पुस्तकांत दोष नाहींत असें मात्र नव्हे. त्यांतील प्राचीन इतिहास इतिहास म्हणून टिकणारा नाहीं. एकाच जातीच्या कारकुनांवर इतका रोख धरला आहे कीं ज्या राज्यपद्धतीनें त्यांना तेथें बसविलें ती कांहीं ठिकाणीं आडोशाला राहते. गोरे अंमलदार आळशी व आरामप्रिय म्हणून सुटतात, जणूं ते जागे झाले कीं सगळें सुधारेल. सरकारवर ग्रंथकाराचा विश्वास फार. हिशेब अचूक मांडून ती वही शेवटीं ज्याच्या हवालीं केली, तो सावकारच होता. तथापि दुसऱ्या कोणाच्या हवालीं करावी, हें १८८३ सालीं त्यांना कोणीं सांगितलें असतें? काँग्रेस अद्याप जन्मास यावयाची होती, आणि जन्मल्यावरही तिनें शेतकऱ्याचें घर आंतून पाहण्यास बरींच वर्षें घेतलीं.

‘असुडा’नंतर एकोणीस वर्षांनीं, २६ मार्च १९०२ रोजीं, कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलांत गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं अंदाजपत्रकावर आपलें पहिलें भाषण केलें. दोन भयंकर दुष्काळ नुकतेच होऊन गेले होते, आणि सरकार तिजोरींतील शिलकेबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेत होतें. गोखल्यांनीं सांगितलें कीं ही शिल्लक भरभराटीची खूण नसून, रुपयाचा भाव चढल्यानंतरही करांचें ओझें तसेंच ठेवल्याचा पुरावा आहे. हा पैसा लोकांचा आहे, कर कमी करून तो परत द्या अथवा त्यांच्या शिक्षणावर व आरोग्यावर खर्च करा. तत्कालीन कौन्सिलांत अशी भाषा नवीन होती. १९०३ सालीं मिठावरील कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला, १९०५ सालीं दीड, १९०७ सालीं एक. प्राप्तीच्या करांतील माफीची मर्यादाही १९०३ सालीं पांचशें रुपयांवरून हजारावर गेली. ह्याचें सर्व श्रेय एका भाषणास देणें बरोबर होणार नाहीं, परंतु कांहीं श्रेय निश्चित आहे.

गोखल्यांचें गद्य जोतीरावांच्या गद्याच्या अगदीं उलट. एकही शब्द चढा नाहीं, एकही आंकडा सैल नाहीं. त्यांच्या भाषणांत कोठेंही चूल दिसत नाहीं. मला तें उणें वाटतें, जरी त्या सभागृहांत चूल दाखविली असती तर आंकडेही कोणीं ऐकले नसते हें मी जाणून आहें. १९११ सालीं त्यांनीं प्राथमिक शिक्षणाचें विधेयक आणलें. तें अत्यंत सौम्य होतें: जेथें मुलांची बरीच संख्या आधींच शाळेंत जाते तेथेंच, आणि तीही स्थानिक संस्थेची इच्छा असेल तर, सक्ति करावी. १९ मार्च १९१२ रोजीं तें अडतीस विरुद्ध तेरा मतांनीं फेंटाळलें गेलें. विरोध करणाऱ्यांत सरकारी सभासद होते तसे आमचे जमीनदारही होते. खर्चाला पैसा नाहीं, हें एक कारण. शिकलेला मजूर डोईजड होईल, हें न बोललेलें दुसरें. सयाजीरावांनीं १९०६ सालींच आपल्या संस्थानांत ती सक्ति लागू केली होती आणि शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत केली. म्हणजे दोन संस्थानांना परवडलें तें साम्राज्याला परवडलें नाहीं. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा देशाला मिळाला तो २००९ सालीं. हंटर कमिशनपुढील निवेदनापासून मोजलें तर एकशें सत्तावीस वर्षें होतात.

गोखल्यांच्या नांवानें पुण्यांत १९३० सालीं जी अर्थशास्त्रसंस्था निघाली, तिच्या धनंजयराव गाडगिळांनीं १९४८ सालीं गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांची पाहणी प्रसिद्ध केली. सरकारी हिशेबनीस कालव्याची किफायत पाणीपट्टीवरून ठरवीत. गाडगिळांनीं दाखविलें कीं कालव्याचा लाभ पाणीपट्टींत मावत नाहीं. पीक, मजुरी, व्यापार, कारखाने, सरकारचें इतर उत्पन्न, ह्या सर्वांत तो पसरतो. सार्वजनिक खर्चाच्या बाजूनें मराठी मुलखांतून निघालेला इतका भक्कम शास्त्रीय पुरावा दुसरा क्वचितच असेल. त्याच प्रवरेच्या कांठीं लोणीस, विठ्ठलराव विख्यांच्या खटपटीनें आणि गाडगिळांच्या साह्यानें, सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पण एकंदर लाभ किती हें मोजून झालें तरी तो कोणाला किती, हा प्रश्न उरतोच. आज महाराष्ट्रांत लागवडीच्या जमिनीच्या अगदीं लहान भागावर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा हिस्सा पितो, आणि पलीकडच्या तालुक्यांत पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरतात. कालवा सर्वांच्या पैशाचा, तोटी थोड्यांची. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं विलासराव साळुंख्यांनीं पाणीपंचायत काढली. तिनें नियम केला कीं पाणी जमिनीच्या मानानें न देतां माणसांच्या मानानें द्यावें, माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही त्यांत वांटा. आणि ऊस लावावयाचा नाहीं. जोतीरावांची तोटी जमिनीच्या हिशेबाची होती. साळुंखे तिच्याही पुढें गेले. साळुंख्यांनीं ‘असूड’ वाचला असो वा नसो, त्या तोटीचा खरा टीकाकार मी त्यांना म्हणेन.

त्याच दुष्काळांतून रोजगार हमीची योजनाही मोठी झाली. वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं तासगांव तालुक्यांत तिचा लहानसा प्रयोग केला होता. दुष्काळांत सुमारें पन्नास लक्ष लोक सरकारी कामांवर आले, आणि पुढें योजनेचा कायदा होऊन तो १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून अंमलांत आला. कामें कोणतीं? नालाबांध, पाझरतलाव, जमिनीचें सपाटीकरण. पांचव्या प्रकरणांतील यादीच जणूं; फक्त फौजेच्या ऐवजीं खुद्द शेतमजूर कामावर आणि त्याच्या हातीं मजुरी. ह्या योजनेच्या खर्चासाठीं १९७५ सालीं शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसायकर बसविण्यांत आला, आणि तितकीच रक्कम सरकारनें आपली घालावयाची असें ठरलें. शहराकडून शेताकडे पैसा जाण्याचा सरळ मार्ग आमच्या प्रांतांत उघडला गेल्याचें हें ठळक उदाहरण होय, आणि त्या वेळीं सर्व पक्षांनीं त्याला मान्यता दिली हें मराठी मध्यमवर्गालाही भूषणावह आहे. मात्र त्या कराची मौज पाहा. घटनेनें त्याला मर्यादा घातली आहे: पूर्वीं सालीना अडीचशें रुपये, १९८८ पासून अडीच हजार. कारकून जवळजवळ तेवढाच कर देतो जेवढा त्याच्या कंपनीचा मालक देतो.

आतां आजच्या स्थितीकडे. थॉमस पिकेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२४ सालीं केलेल्या गणितानुसार २०२२-२३ सालीं भारतांतील वरच्या शेंकडा एक लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा शेंकडा २२.६ आणि संपत्तीचा शेंकडा ४०.१ हिस्सा होता. आमच्याकडील आंकड्यांची अवस्था चांगली नाहीं हें त्या मंडळींनीं स्वतःच कबूल केलें आहे. चार-दोन टक्के इकडे-तिकडे झाले तरी चित्र पालटत नाहीं. मृत्युपश्चात् मिळकतीवरील कर १९८५ सालीं गेला, संपत्तीवरील कर २०१५ सालीं गेला. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचा शेंकडा सहा हिस्सा खर्चावा, अशी शिफारस कोठारी आयोगानें १९६६ सालीं केली. १९६८ च्या धोरणांत ती आली आणि २०२० च्या धोरणांत पुन्हां आली, कारण मधल्या बावन्न वर्षांत ती अमलांत आली नाहीं. अतिश्रीमंतांवर संपत्तिकर बसवून तो शिक्षण, आरोग्य व पोषण यांवर खर्चावा, असें पिकेटीप्रभृति सुचवितात. जमेची बाजू त्यांनीं उत्तम मांडली आहे. खर्चाच्या बाजूला त्यांचें विवेचन आंखूड पडतें. तोटीचा प्रश्न पॅरिसहून दिसत नाहीं.

ह्यावर हमखास येणारा आक्षेप असा कीं सार्वजनिक पैसा खाल्ला जातो, तेव्हां तो अधिक द्यावाच कां? आक्षेप पोकळ नाहीं. २०१२ सालीं सिंचनाच्या खर्चावरून महाराष्ट्रांत केवढा गहजब झाला आणि सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली, हें सर्वांच्या स्मरणांत आहे. परंतु पैसा खाल्ला जातो हें जोतीरावांइतकें सविस्तर कोणीं सांगितलें आहे? लांचेच्या हकीकतींनीं पुस्तकाचीं पानेंच्या पानें भरलीं आहेत. तरीही कालवे बंद करा असा निष्कर्ष त्यांनीं काढला नाहीं. गळक्या पखालीमुळें पाणी वाया जातें म्हणून विहीरच बुजवावी, हें ज्याच्या घरीं दुसरी विहीर आहे त्यालाच सुचतें.

आणि हें दुसऱ्या विहिरीचें प्रकरण आम्हां पांढरपेशांशीं निकट संबंध असलेलें आहे. गेल्या शतकांत आमच्यांतील बहुतेक कुटुंबें सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळा-कॉलेजांत शिकून वर आलीं. वर आल्यावर आम्हीं आपलीं मुलें तेथून काढलीं, आजारीपणासाठीं खासगी इस्पितळ पाहिलें, पाण्यासाठीं घरांत यंत्र बसविलें. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅल्ब्रेथ यांनीं १९५८ सालीं आपल्या देशाविषयीं लिहितांना, खासगी घरांत संपत्ति आणि सार्वजनिक जागीं दैन्य, असें हें चित्र रंगविलें होतें. येथें त्याला एक विशेष वळण आहे. म्युनिसिपालिटीच्या शाळेबद्दल वृत्तपत्रास पत्र लिहिणारा, सभेंत उभा राहून जाब विचारणारा, अर्जावर अर्ज करणारा वर्ग तोच होता जो आतां तेथून निघून गेला. मागें राहिले त्यांना अर्ज लिहिणें कठीण जातें. शाळा बिघडली म्हणून आम्ही गेलों असें आम्ही सांगतों. आम्ही गेलों म्हणून ती किती बिघडली, याचा हिशेब कोणीं मांडलेला नाहीं. १८८२ सालीं जोतीरावांची तक्रार होती कीं वरच्या वर्गानें सार्वजनिक शिक्षण स्वतःकरितां अडवून ठेवलें. आज त्या वर्गाला तें नकोसें झालें आहे, आणि रयतेच्या मुलाला त्याचा उपयोग पूर्वींप्रमाणेंच कमी होतो.

‘असुडा’च्या नव्या आवृत्त्या अधूनमधून निघतात व खपतात. त्यांपैकीं एखादीला तरी जमाखर्चाच्या टिपा जोडावयास हव्यात: लोकलफंड म्हणजे काय, तो किती जमे, शेतसाऱ्याची फेरआकारणी कशी होई, तत्कालीन प्रांतिक अंदाजपत्रकांत पाटबंधारे व शिक्षण यांना काय मिळे. हें काम मराठीचा एखादा अध्यापक व अर्थशास्त्राचा एखादा अध्यापक यांनीं मिळून केलें पाहिजे. एकट्याच्या हातून तें होणार नाहीं. मी ज्या वर्गांना शिकवितों तेथें हें पुस्तक मराठीच्या पत्रिकेंत नेमलेलें असतें, आणि नेमलेला उतारा चौथ्या प्रकरणांतील असतो. पांचवें प्रकरण परीक्षेला नाहीं.